मेसच्या मावशींना सांगितलंस का?

जुलैच्या अंकात मी वसतिगृहातल्या दिवसांबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या टपालातला निम्मा गठ्ठा मिशनच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींचा आणि त्यांच्या आईवडिलांचा निघाला. नव्या वाचकांसाठी सांगते. मी मिरजेची. आई मिशन दवाखान्यात आया होती. मी तिथंच लहानाची मोठी झाले, नर्स झाले आणि 1992 ते 2021 अशी एकोणतीस वर्षं एका ख्रिस्ती संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. पोरी मला बाई म्हणायच्या, पत्रांतही सगळे तेच लिहितात. या वेळची सगळी जागा या एकाच विषयाला देते. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

बाई, मी जत तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स गावाजवळच केलं, तिथं सर मराठीतच समजावून सांगायचे. आता मिशनच्या मोठ्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तास सगळे इंग्रजीत. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. मेंटॉर सरांनी दोनदा बोलावलं, मी गेलो नाही. वडील फोनवर विचारतात तेव्हा ‘चांगलं चाललंय’ म्हणतो. त्यांनी मेंढरं विकून फी भरलीय. रात्री झोप लागत नाही. कॉलेज सोडून पुण्यात काम बघावं का?

बाळा, कॉलेज सोडायचं की नाही हे निदान दिवाळीपर्यंत ठरवू नकोस. तोवर मी सांगते तेवढं कर.

आधी माझं ऐक. 1986 साली दवाखान्यानं मला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगसाठी वेल्लोरला पाठवलं. काटपाडी स्टेशनावर उतरले तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक आणि भडंगाचा डबा होता. आयडा स्कडर नावाच्या बाईंनी 1900 साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केलेलं ते ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. मिरजेच्या मिशन कंपाउंडात त्यांचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळं मी तरंगतच गेले होते. पहिल्या आठवड्यात जमिनीवर आले. चार वर्षं वॉर्डात काम केलेलं, सलाईन लावण्यापासून बाळंतपणापर्यंत हातांना सगळं येत होतं, पण वर्गात बाई काय बोलतात ते निम्म्याहून अधिक डोक्यावरून जायचं. कँटीनमध्ये तमिळ, वर्गात इंग्रजी, मराठी बोलायला कुणी नाही. मी मागच्या बाकावर बसायला लागले. कळलं नाही तो शब्द समासात देवनागरीत लिहून ठेवायचा, म्हणजे निदान उच्चार तरी राहील, असं माझं चाललं होतं.

दोन महिन्यांनी आमच्या एका ट्यूटरनी वह्या तपासायला घेतल्या. माझी वही हातात घेऊन त्यांनी विचारलं, ‘हे काय लिहिलंयस?’ त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. मला वाटलं, आता वर्गासमोर बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचलं, ‘रिलायबिलिटी. व्हॅलिडिटी.’ अर्थ काय? मी गप्प. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर वजनकाटा काढला. एकच माणूस तीनदा काट्यावर उभा केला आणि तिन्ही वेळा 52 किलो भरला, तर काटा रिलायबल. पण काटाच मुळात दोन किलोनं चुकत असेल तर? मग तो रिलायबल असूनही व्हॅलिड नाही. मिनिटभरात कळलं. दोन महिने मी ते दोन शब्द नुसते समासात घेऊन फिरत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी डायनिंग हॉलच्या बाकावर वीस मिनिटं, दिवसाला पाच शब्द. डिसेंबरात माझ्या वहीच्या समासात देवनागरी उरली नव्हती.

मी त्यांच्याकडं गेले नव्हते, हे लक्षात घे. वही योगायोगानं त्यांच्या हाती लागली. लागली नसती तर मी त्या बाकावरच वर्ष काढलं असतं. आमच्या आईची शिकवण होती, ‘कुणापुढं हात पसरू नकोस.’ गरीब घराची ती अब्रू होती आणि आईचं काही चुकलं नाही. ते वाक्य मी शब्दाचा अर्थ विचारण्यालाही लावलं, ही चूक माझी. तूही तेच करतोयस. सरांनी दोनदा बोलावलं म्हणजे काय ते बघ. त्यांच्याकडं दिलेल्या वीस-पंचवीस मुलांत तुझं नाव त्यांच्या लक्षात राहिलंय. मेंटॉर हे काही शोभेचं पद नाही, आपल्या मुलांची नोंद ठेवणं त्यांचं कामच आहे. तू जाशील तेव्हा त्यांना ओझं होणार नाही, उलट सुटल्यासारखं वाटेल. मी रेक्टर होते म्हणून सांगते. दार वाजवणाऱ्या पोरीपेक्षा न वाजवणाऱ्या पोरीची काळजी आम्हाला जास्त असायची.

सोमवारी जा. जाताना हातात कागद ठेव, कारण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. त्यावर एवढंच लिही: ‘सर, मी मराठी माध्यमाचा. गणितं येतात, तास कळत नाही. उद्या कोणता भाग घेणार ते आदल्या दिवशी सांगाल का?’ आदल्या रात्री तो भाग वाच, अडलेल्या शब्दांखाली रेघ मार आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन बाकांत बस. मागं बसून इंग्रजी दुप्पट अवघड होतं, हे मी भोगलंय. तुमच्याकडं मागं पडलेल्या विषयांचे जादा तास होत असतील तर नाव दे. लायब्ररीत बुक बँकेची चौकशी कर. आणि मराठी माध्यमातून येऊन तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेला एखादा मुलगा वसतिगृहात नक्की सापडेल, त्याच्या जुन्या वह्या माग. राहिलेले दोन विषय पुन्हा द्यायची तारीख आणि फी परीक्षा विभागाच्या खिडकीवर विचारून घे. ऐकीव माहितीवर राहू नकोस. तारीख हुकली तर सहा महिने जातात.

आणि वडिलांना त्यानंतरच्या रविवारी सांग. ते मेंढरं राखतात, म्हणजे लंगडणारं जनावर लपवून उपयोग नसतो हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ‘दादा, दोन विषय राहिलेत, सरांना भेटलोय, परीक्षा अमुक महिन्यात आहे,’ असं एका दमात सांग. आधी सरांना भेट, मग फोन कर. क्रम उलटा करू नकोस. नुसती वाईट बातमी ऐकून माणूस घाबरतो, पुढं काय करणार हे सोबत असलं की धीर धरतो.

झोपेचं वेगळं. हे सगळं करूनही दोन आठवड्यांत झोप जागेवर आली नाही तर कॉलेजच्या समुपदेशकांकडं जा. मिशनच्या कॉलेजात बहुधा चॅपलेनही असतात, म्हणजे कॉलेजचे पाळक. त्यांच्याकडं जायला ख्रिस्ती असावं लागत नाही. तुझं बोलणं ते तुझ्या परवानगीशिवाय वर्गापर्यंत नेणार नाहीत.

आम्ही आष्ट्याचे, जैन. मुलीला मानसशास्त्र घ्यायचंय आणि तिनं मिशनचं एक कॉलेज पसंत केलंय. कॉलेज चांगलं आहे असं सगळे सांगतात. पण सासूबाई म्हणतात, तिथं प्रार्थनेला बसवतात, हळूहळू धर्म बदलायला लावतात. जेवणाचाही प्रश्न आहे. आमच्याकडं चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवतात. मुलीला पाठवू की नको?

ताई, पाठवा. पण सासूबाईंच्या शंकेला हसू नका, तिचं सरळ उत्तर द्या.

कायदा असा आहे. राज्यघटनेच्या 28व्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमानुसार, सरकारी मान्यता असलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क 30व्या कलमानं दिलाय, आणि त्या संस्थेत शिकणाऱ्या तुमच्या मुलीला नाही म्हणायचा हक्क 28व्यानं. दोन्ही हक्क एकाच घटनेत आहेत आणि एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता प्रत्यक्षात काय होतं? आमच्या वसतिगृहात संध्याकाळी सातला घंटा व्हायची. एक गीत, बायबलमधला एखादा उतारा, प्रार्थना, पंधरा मिनिटांत संपायचं. यायचं नसेल त्या मुली अभ्यासिकेत बसायच्या. काही मराठा, लिंगायत, मुसलमान पोरी नुसत्या गाण्यासाठी येऊन बसायच्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं तर अभंगाच्याच वळणाची. ती कानावर पडली की वारकरी घरातल्या पोरी आपसूक ताल धरायच्या. टिळक 1917 साली साताऱ्यात येऊन राहिले, तिथं त्यांनी ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे ही काही आपल्याला परकी परंपरा नव्हे. पण गाणं आवडणं वेगळं आणि विश्वास बदलणं वेगळं.

मी प्रभूवर विश्वास ठेवणारी बाई आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. शिकायला आलेल्या, घरापासून लांब असलेल्या मुलीच्या एकटेपणाचा फायदा घेऊन तिचा धर्म मागणं हे मला पाप वाटतं. माझ्या नोकरीत एक वॉर्डन असं करताना मला दिसल्या. गैरहजेरी लावायची, टोमणे मारायचे, असलं काही. मी व्यवस्थापनाकडं लेखी तक्रार केली आणि ते थांबलं. तुमच्या मुलीवर कधी तशी वेळ आली तर तिनं वाद घालू नये. दोन ओळींचा अर्ज करावा: ‘संध्याकाळच्या उपासनेला मी बसू इच्छित नाही, त्या वेळेत मला अभ्यासिकेत बसण्याची परवानगी असावी.’ प्राचार्यांच्या नावे द्यावा आणि स्थळप्रतीवर सही-शिक्का घ्यावा.

सासूबाईंना एक गोष्ट सांगा. मुंबईचं विल्सन कॉलेज मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली सुरू केलेलं. धर्मशास्त्राचे थोर अभ्यासक, भारतरत्न पां. वा. काणे तिथंच शिकले. मोरारजी देसाईही तिथलेच विद्यार्थी, आणि त्यांचा शाकाहार शेवटपर्यंत किती कडक होता ते सासूबाईंच्या पिढीला सांगायला नको. नागपूरचं हिस्लॉप 1883 सालचं, अहमदनगर कॉलेज डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 साली काढलेलं. या कॉलेजांतून आजवर शिकून बाहेर पडलेली बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नव्हती.

जेवणाचं मात्र प्रवेश घेण्याआधी विचारा. प्रवेश झाल्यावर नव्हे. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी का, कांदा-लसणाशिवायची भाजी मिळेल का, चातुर्मासात ताट लवकर वाढून मिळेल का, असे तीन प्रश्न मेसच्या मुख्य बाईंना विचारा, ऑफिसातल्या क्लार्कला नको. आमच्याकडं चातुर्मासात आठ-दहा जैन मुलींची ताटं साडेपाचला वाढून व्हायची. स्वयंपाकाच्या बायकांनी त्याला ‘पहिली पंगत’ नाव दिलं होतं. पर्युषणात मुलींचे उपास असले की त्या बायका गरम पाणी आठवणीनं उकळून ठेवायच्या, कुणी सांगायला लागायचं नाही. आणि नाताळात आमच्याकडं करंज्या-चकल्यांचा घाणा निघायचा, तेव्हा करंज्यांना मुरड घालायला याच पोरी पुढं असायच्या. सांगलीतल्या ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ म्हणजे तुमच्याच दिवाळीचा फराळ, हे मुलीला तिथं गेल्यावर कळेलच.

कॉलेजनं रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र मुलाकडून आणि माझ्याकडूनही मागितलंय. मिशनच्या कॉलेजातही हे लागतं का?

लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम सगळ्यांना सारखे आहेत. भरून द्या, आणि 1800-180-5522 हा रॅगिंगविरोधी क्रमांक मुलाच्या फोनमध्ये तुमच्यासमोर घालायला लावा. तक्रार नाव न सांगताही करता येते. मुलींच्या पालकांनी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहेत तेही विचारून ठेवावं. 2013 च्या कायद्यानं ती समिती असायलाच हवी.

मी कोरेगाव तालुक्यातला शेतकरी, अडीच एकर. मुलगी मिशनच्या कॉलेजात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. यंदा आल्याचा भाव पडला, फीचे 12,000 रुपये राहिले. तिथल्या चॅपलेननी गरीब विद्यार्थी निधीतून देऊ केले आणि मुलीनं मला न विचारता अर्ज भरला. आमच्या घराण्यात कुणी कुणापुढं हात पसरलेला नाही. आणि आम्ही ख्रिस्ती नसताना ते कशासाठी देतायत? अर्ज मागं घ्यायला लावू का?

दादा, नको. तुमचा स्वाभिमान मला कळतो, मी त्याच मातीतली आहे. पण तुम्ही सातारा जिल्ह्यातले, तुम्हाला कर्मवीर अण्णांची आठवण मी करून द्यायची?

भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस ठेवलं. पोरांच्या जेवणासाठी घरात काही उरलं नाही तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या पंगतीत जेवून शिकलेल्या पोरांनी हात पसरला असं साताऱ्यात आजवर कुणी म्हटलं नाही. उलट आजोबा बोर्डिंगात होते हे आपण अभिमानानं सांगतो. अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ सांगितलं. पोरं शेतात राबली, खडी फोडली आणि शिकली. त्यांनी घेतलं आणि दिलंही.

तुमच्या मुलीनं अर्ज केला यात तिनं तुमची मान खाली घातली नाही. तिला नर्स व्हायचंय, आणि तिसऱ्या वर्षी 12,000 साठी अडायचं नाही, एवढंच तिनं बघितलं. तुम्हाला विचारलं नाही हे मात्र चुकलं. तेवढं तिला सांगा, पण अर्जाला हात लावू नका.

ते का देतायत, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हक्काचं आहे. चॅपलेनना फोन करा, लाजू नका. विचारा, या पैशाला अट आहे का? पावती कुणाच्या नावे निघणार? रक्कम मुलीच्या हातात येणार की थेट फीच्या खात्यात जमा होणार? नोकरी लागल्यावर परत करता येईल का? सरळ कामकाज असेल तर चारही उत्तरं दोन मिनिटांत मिळतील. अट असेल, मग ती कसलीही असो, तर मीच म्हणेन घेऊ नका. आमच्या निधीची वही माझ्याकडं असायची. तो पैसा बऱ्याचदा जुन्या विद्यार्थिनींचाच असायचा. एक मुलगी, आता परदेशात नर्स आहे, तिनं नोकरी लागल्यापासून सलग सहा वर्षं नाताळच्या सुमारास पाकीट पाठवलं. तिला फी मिळाली होती 3,500 रुपये. सातव्या वर्षी मी तिला कळवलं की तुझं कधीच फिटलं. तिनं लिहिलं, ‘बाई, माझं नाही, पुढच्या पोरीचं आहे.’ ती कोयनाकाठची, धनगर घरातली.

निधीआधी सरकारी योजना बघितल्या का, हे मात्र मी मुलीला विचारीन. तुम्ही अल्पभूधारक आहात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठीच आहे, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. शिवाय 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. मेसचं बिल त्यात येत नाही, आणि व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश असेल तर माफी मिळत नाही. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात हे काम बघणारे एक क्लार्क असतात. मुलीला त्यांच्यासमोर बसून अर्ज भरायला सांगा. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवास दाखला ताजे काढून ठेवा. आधार बँकखात्याला जोडलेलं नसतं म्हणून अर्ज मंजूर होऊनही पैसा अडकलेला मी दरवर्षी बघितलाय.

बाई, मी हॉस्टेलला आहे, दुसरं वर्ष. माझी रूम पार्टनर तीन आठवडे नीट जेवत नाही. तासाला येत नाही. रात्री जागी असते, भिंतीकडं तोंड करून पडून राहते. परवा म्हणाली, ‘मी नसले तर सगळ्यांचं सोपं होईल.’ मग म्हणाली, कुणाला सांगू नकोस, शप्पथ आहे. मी शप्पथ घेतलीय. काय करू?

बाळ, तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी संपादकांकडून तुझा नंबर घेऊन मी तुला फोन केला आणि तू लगेच वॉर्डनकडं गेलीस. तुझी मैत्रीण आता डॉक्टरांच्या उपचाराखाली आहे आणि तिची आई तिच्याजवळ आहे. तुमच्या दोघींच्या परवानगीनं इथं लिहिते, कारण हेच पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी दप्तरात न टाकता पडलेलं असेल.

असली शप्पथ मोडायची. देवाधर्माची असली तरी मोडायची. ‘मी नसले तर’ असं कुणी म्हटलं की ती गोष्ट त्या दोघींपुरती राहत नाही. त्या रात्री तिला एकटीला सोडायचं नाही आणि थेट वॉर्डनचं दार वाजवायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. वॉर्डन सापडल्या नाहीत तर टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, 14416. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मैत्रिणीसाठी तूही फोन करू शकतेस. आणि तिला समोरासमोर विचार: ‘जीव द्यायचं मनात येतंय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. नर्सिंगमध्ये आम्ही हे शिकतो आणि मी वसतिगृहात हे अनेकदा विचारलंय. बहुतेक जणी विचारल्यावर रडल्या, आणि मग बोलल्या.

वॉर्डन रागीट आहेत, असं तू फोनवर म्हणालीस. असतील. वॉर्डनपर्यंत पाय निघत नसेल तर तुझं ज्या मोठ्या माणसाशी रोज दोन शब्द बोलणं होतं, त्याला सांगायचं. मी तुला पहिल्यांदा तेच विचारलं होतं, मेसच्या मावशींना सांगितलंस का? तू म्हणालीस, ‘त्यांना काय सांगायचं?’ म्हणून ही हकीकत.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा माझ्या वसतिगृहात पलूसकडच्या सात मुली होत्या. सहा जणींनी पहिल्या दिवशीच माझ्या ऑफिसात रडून गोंधळ घातला, फोन लावले, निरोप मागवले. सातवी भिलवडीकडची. ती वर्गात जात होती, संध्याकाळी घंटेला येत होती, वही उघडून बसत होती. मी हजेरीपत्रक बघत होते आणि हजेरीपत्रकात तिचं सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी मेसच्या मावशी माझ्या दारात आल्या. त्या सहसा ऑफिसात यायच्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘बाई, ती भिलवडीची पोर तीन दिवस भाकरी घेती, ताटात मोडती आणि तशीच खरकट्यात टाकती. एक घास पोटात नाय. सहा टायमाच्या भाकऱ्या मोजल्यात मी.’

मी तिला बोलावलं. तिच्या घरचे फोन सोमवारपासून लागत नव्हते. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. का, तर बाकीच्या सहा जणींचं आधी बघू दे, बाईंना किती त्रास द्यायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत फोन करत बसलो आम्ही. पूरग्रस्तांना शाळांत, मंगल कार्यालयांत ठेवलं होतं, एकेका ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी तिचे वडील सापडले. फोनवर ती फक्त ‘आबा’ म्हणाली आणि खाली बसली. घर पाण्यात गेलं होतं, माणसं आणि दोन म्हशी वाचल्या होत्या.

संध्याकाळी मावशींनी तिच्यासाठी मेथीची पातळ भाजी वेगळी केली आणि पानासमोर स्वतः बसल्या. तिनं दीड भाकरी खाल्ली. मावशींनी जाता जाता मला खुणेनं दीड दाखवली, एक बोट सरळ आणि दुसरं अर्धं मिटलेलं.